कडेवरचे मूल आणि पायाखालची वाट

स्मरणिकेच्या ह्या अंकासाठी ‘आपल्या आधीच्या स्त्रिया’ असा विषय ठरला आणि एक लेख माझ्याकडे आला. विषय मोठा, पाने थोडी. तेव्हा मी त्यातला एकच धागा धरते. हा धागा मला कोठल्या ग्रंथात नव्हे, आपल्याच ओटीवर सापडला.

आपल्या मंडळातील एक तरुण भगिनी दोन वर्षांच्या लेकीला बरोबर घेऊन कोकमाचे आगळ, आंबापोळी, कुळथाचे पीठ विकावयास गावोगावच्या प्रदर्शनांना जाते. एका हातात पिशव्या, कडेवर पोर. ती एस्टीसाठी निघाली की ओटीवर बसलेल्या आम्हा वयस्क बायकांपैकी कोणीतरी म्हणतेच, “काय बाई त्या पोरीचे हाल! पूर्वी असे नव्हते हो.” त्या बोलण्यात माया असते, हे मला ठाऊक आहे. परंतु “पूर्वी असे नव्हते” हे मात्र खरे नाही. पूर्वीही असे होते. काही वेळा ह्याहून पुष्कळच कठीण होते. आणि असे मूल घेऊन वाटेला लागलेल्या एका बाईमुळेच आपल्या ह्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या विधवा मुलींना शाळेचे दार उघडले, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि ‘त्यांनी धर्म बदलला’ एवढेच बहुतेकींना ठाऊक असते. त्या वादात मी येथे शिरत नाही. मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या पायपिटीविषयी.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळच्या कोकणस्थ घराण्यातले. हे घराणे खाली कर्नाटकात, मंगळूरच्या बाजूस स्थायिक झालेले. शास्त्रीबुवा मोठे विद्वान, पण त्या काळच्या मानाने एक ‘वेड’ त्यांना होते: बायकोला संस्कृत शिकवावे. लोकांनी त्रास दिला, तेव्हा गावापासून दूर, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झोपडी बांधून ते राहिले आणि तेथे त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई ह्यांना शिकविले. त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. विद्यार्थी व यात्रेकरू ह्यांचे आदरातिथ्य करता करता घरचे होते नव्हते ते संपले, कर्ज झाले, आणि मूल सहा महिन्यांचे असताना सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या एका पेटाऱ्यात घातले आणि तो पेटारा माणसाच्या डोक्यावर देऊन घाटाखाली आणला. माझ्या यात्रेकरू आयुष्याला येथूनच आरंभ झाला, अशा अर्थाचे रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे.

शास्त्रीबुवांचे नाव इतिहासात राहिले, लक्ष्मीबाईंचे राहिले, पेटाऱ्यातल्या पोरीचे तर जगभर झाले. पेटारा वाहणाऱ्याचे नाव मात्र चरित्रांतून कोणी सांगत नाही. हे ध्यानात ठेवा. ह्या लेखात मला त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

यात्रा म्हणजे हिंडणे, असे आपण समजू नये. ते त्या कुटुंबाचे कामच होते. चैत्रात आपल्या महालक्ष्मीच्या उत्सवात आपण कीर्तन-पुराण ऐकतो, त्यामुळे आपल्याला हे समजावयास सोपे जाईल. पुराणिक देवळाच्या आवारात, नदीच्या घाटावर, लोकांची वर्दळ असेल तेथे पोथी सोडून बसे आणि मोठ्याने, सुरात वाची. येणारे-जाणारे थांबत, नमस्कार करीत, पोथीपुढे फुले, फळे, धान्य, एखादे नाणे ठेवीत. त्यावर घर चाले. घर म्हणजे काय, तर धर्मशाळेचा एखादा कोपरा. शास्त्रीबुवा वाचीत, लक्ष्मीबाई वाचीत, पुढे मोठा मुलगा श्रीनिवास आणि धाकटी रमाही वाचू लागली. मिळाले त्यातले बरेचसे दानधर्मात जाई. दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत ह्याप्रमाणे त्यांचे वर्षानुवर्षे चालले होते.

मग मुलीचा अभ्यास केव्हा? वडील थकले होते, म्हणून शिकविण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे आले. दिवसभर स्वयंपाक, पूजा, पोथी आणि वाट चालणे. तेव्हा त्या माउलीने वेळ काढली ती पहाटेची. तांबडे फुटण्यापूर्वी जमिनीवरच्या अंथरुणातून मुलीला उचलून मांडीवर घ्यावयाचे, गोंजारून जागी करावयाचे, आणि पाखरे बोलू लागली की हिचाही पाठ सुरू व्हावयाचा. पुस्तक थोडे आणि पाठांतर फार. बाराव्या वर्षी भागवताचे अठरा हजार श्लोक रमेला मुखोद्गत होते. ज्या मुलीने शाळेची पायरी पाहिली नाही, जिला एका गावात चार महिने सलग काढता आले नाहीत, तिचे हे शिक्षण! मला वाटते, ते धर्मशाळेत झाले म्हणून कमी प्रतीचे झाले नाही. मात्र ते आईच्या झोपेतून कापून घेतलेले होते.

ही झाली चांगली बाजू. वाटेची दुसरी बाजूही सांगावयास हवी, नाहीतर ओटीवरच्या आमच्या मैत्रिणी म्हणतील, लेखिकेने हाल झाकले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. ज्यांच्या घरात दाणा नाही ते पोथीपुढे काय ठेवणार? शास्त्रीबुवांना दुसरे काम येत नव्हते, आणि मुलांनाही त्यांनी दुसरे काम शिकविले नव्हते. भांडी गेली, वस्त्रे गेली, शेवटी पाने व रानातली फळे खाण्याची पाळी आली. वडील गेले. काही महिन्यांनी आई गेली. स्मशान तीन मैलांवर. खांदा द्यावयास माणसे नाहीत. दोन ब्राह्मणांना दया आली, ते दोघे आणि ही दोन भावंडे अशा चौघांनी लक्ष्मीबाईंना नेले. रमाबाई उंचीने लहान, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला. जिला सहा महिन्यांची असताना डोक्यावरून घाट उतरविले, तिने सोळा-सतरा वर्षांची असताना आईला डोक्यावरून पोचविले. पुढे थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे पायीपायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या, हे आपण शाळेत वाचले आहे. १८८० मध्ये श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिन बिहारी गेले. संसार दोन वर्षांचाही नाही. वय तेवीस, आणि दहा महिन्यांची पोर पदरात.

आपल्या इकडच्या रीतीप्रमाणे अशा बाईने काय करावयाचे होते ते सांगण्याची गरज नाही. रमाबाई मात्र त्या पोरीला घेऊन बंगालपासून पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. रानड्यांच्या पत्नी रमाबाई ह्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांविषयी लिहिले आहे: पंडिताबाईंची व्याख्याने ऐकावयास बायका जात, आणि त्यावरून घरोघरी किती बोलणी खावी लागत. १८८२ सालीच रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. मग त्याच्या शाखा काढण्यासाठी त्या अहमदनगर, सोलापूर, ठाणे, पंढरपूर, बार्शी अशा गावी फिरल्या. आज आपण गावोगाव महिला मंडळे पाहतो, त्यांची ही आजी म्हणावयास हरकत नाही. आपला वर्धापनदिन साजरा करताना एवढी आठवण ठेवावी, की मराठी बायकांची ही आरंभीची सभा जिने भरविली तिच्याजवळ एक वर्षाची पोर होती. त्याच वर्षी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि पुण्यास आलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. बायकांना शिकवावयास स्त्रीशिक्षिका हव्यात आणि औषध देण्यास स्त्रीडॉक्टर हव्यात, हे त्यांचे म्हणणे होते.

स्वतःच डॉक्टरकी शिकावी म्हणून त्या एप्रिल १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. प्रवासाला पैसा लागला तो ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून उभा केला. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि सोबतीण म्हणून आनंदीबाई भगत. ह्या प्रवासाची हकीकत रमाबाईंनी पत्ररूपाने मराठीत लिहिली, ती ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून छापली गेली. इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या उतरल्या. त्या वर्षीच रमाबाईंनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाईंनी मात्र परमुलखात आत्मघात करून घेतला. परक्या देशात आपली म्हणावी अशी एकच बाई होती, तीही गेली. रमाबाईंना कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला, आणि १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात शिकू लागल्या व संस्कृत शिकवूही लागल्या.

येथे त्यांच्या आयुष्यात पेटारा वाहणारी माणसे पुन्हा आली, मात्र ह्या वेळी ती मठातल्या भगिनींच्या रूपाने. वाँटेजच्या भगिनींनी मनोरमेला जीव लावला. तिला त्या ‘मनो’ म्हणत. आईला अभ्यासाला, शिकवावयाला मोकळीक मिळाली. परंतु मूल सांभाळणारा नुसते मूल सांभाळत नाही, तो त्याला आपल्यासारखे घडवितोही. मुलीने कोणती प्रार्थना म्हणावी, कोणत्या रीतीने वाढावे, ह्यावरून आई आणि भगिनी ह्यांच्यात पत्रापत्री आणि खटके सुरू झाले. रमाबाईंचे म्हणणे असे, की माझी मुलगी हिंदुस्थानची आहे, तिने आपल्या लोकांत त्यांच्यातलीच म्हणून वाढावे, परकी किंवा वरचढ म्हणून नव्हे. ती पत्रे पुढे छापली गेली आहेत. आपल्यापैकी ज्यांनी मूल मुंबईला सासू-नणंदेकडे ठेवून नोकरी केली, त्यांना ती पत्रे इंग्रजीत असूनही अगदी ओळखीची वाटतील.

१८८६ च्या फेब्रुवारीत त्या अमेरिकेस गेल्या. कारण आपल्याला अभिमानाचे आहे: कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर होत होत्या, त्यांच्या पदवीदान समारंभाचे निमंत्रण होते. ११ मार्च १८८६ रोजी तो समारंभ झाला. पाच वर्षांची होऊ घातलेली मनोरमा तेव्हा आईबरोबर होती. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. हिंदुस्थानातील बालविधवांसाठी शाळा काढावयाची आणि तिच्यासाठी पैसा जमवावयाचा, हे त्यांनी मनाशी ठरविले होते. गावोगाव व्याख्याने दिली, बालोद्यान शाळांची पद्धत शिकून घेतली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १८८७ साली निघाले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे शाळा चालविण्याचा भार उचलला.

आणि मनोरमा? तिला इंग्लंडला, वाँटेजच्या भगिनींकडे परत पाठविण्यात आले. आज ह्या शहरी, उद्या त्या शहरी अशा आगगाडीच्या दौऱ्यात पाच वर्षांच्या पोरीचे कसे व्हावे? जिला स्वतःला सहाव्या महिन्यापासून आईबापांनी एक दिवस दूर केले नाही, तिला आपल्या लेकीला समुद्रापलीकडे ठेवावे लागले. दुसऱ्यांच्या हजारो मुलींच्या शाळेसाठी ती फिरत होती, आणि स्वतःची मुलगी जवळ नव्हती. ह्याला कोणी कठोरपणा म्हणतील. मी म्हणत नाही. लक्ष्मीबाईंजवळ नवरा होता, मोठी मुले होती, पेटारा वाहणारा होता. वाट अवघड असली तरी हात पुष्कळ होते. रमाबाई अमेरिकेत एकट्या होत्या. फरक आईच्या काळजात नव्हता, हातांच्या संख्येत होता.

१८८९ च्या फेब्रुवारीत त्या जपानमार्गे मुंबईस परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीचाही दिवस ११ मार्च. हा योगायोग आणखी पुढे जातो, तो आता सांगते, कारण येथे आपला जिल्हा ह्या गोष्टीत येतो.

शारदा सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई. आठव्या वर्षी विधवा झालेली. भावाने मुंबईस आणून रमाबाईंच्या शाळेत घातली. ह्याच गोदूबाई ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. आपण सगळे त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो. आणि कर्वे कोठले, हे केळशीत सांगावे लागत नाही. आंजर्ले, हर्णै ओलांडले की मुरूड. ह्या विवाहाबद्दल मुरूडच्या ग्रामस्थांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला होता, हेही आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांनी ऐकलेले असेल. पुढे त्याच कर्व्यांना १९५८ साली, त्यांच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. बायांनी आपली हकीकत ‘माझे पुराण’ ह्या नावाने लिहिली आहे, ती मंडळाच्या कपाटात असावयास हवी. पोथीतले पुराण वाचणाऱ्या अनंतशास्त्र्यांच्या लेकीने शिकविलेल्या मुलीने स्वतःचेच पुराण लिहावे, ह्यात मला मोठी गंमत वाटते.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. १८७० सालचा जन्म. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरात एक मुलगा. लिहिता-वाचता बेताचेच. मुलाचे शिक्षण व्हावे म्हणून त्या पुण्यास बहिणीकडे आल्या, स्वतःही शिकल्या, आणि कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामाला वाहून घेतले. आश्रम पुढे हिंगण्यास गेला. त्याला पैसा लागे, आणि तो जमविण्यासाठी पार्वतीबाई गावोगाव हिंडत. वपन केलेले डोके, अंगावर आलवण, सभेत उभे राहून बोलावयाचे आणि पदर पसरावयाचा. कोणी रुपया देई, कोणी दोन शब्द सुनावी. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी जेमतेम येत असताना त्या अमेरिकेस गेल्या, तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, आश्रमासाठी निधी जमविला आणि १९२० साली परतल्या. १९२८ मध्ये त्यांची ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध झाली.

ह्या बाईला हे कसे जमले? धैर्य होते, जिद्द होती, हे सर्व चरित्रकार सांगतात आणि ते खरेच आहे. पण मुलगा लहान होता त्या वर्षांत त्याच्यासाठी बायांचे घर उघडे होते. मावशीच्या पंक्तीला कर्व्यांच्या मुलांबरोबर त्याचेही पान मांडले जाई. रमाबाईंना वाँटेजच्या भगिनी मिळाल्या, पार्वतीबाईंना थोरली बहीण मिळाली. पहिल्या सांभाळात मायेबरोबर ओढाताण होती, दुसऱ्यात ती नव्हती. बायांचे घर सुखवस्तू होते असे मात्र नाही. काटकसरीच्या संसारात एक पान वाढविणे म्हणजे काय, हे आपण जाणतो.

रमाबाईंचे पुढचे थोडक्यात सांगते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या, टाकलेल्या मुलींना केडगावला घेऊन आल्या. त्या मुली तीनशेच्या घरात होत्या. आपले आईबाप दुष्काळात कसे गेले ते त्यांना विसरता येणे शक्य नव्हते. मनोरमा मोठी झाली, परदेशी शिकली, परत येऊन आईच्याच संस्थेत शिकवू लागली, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले. १९२१ च्या जुलैत ती आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावला देह ठेवला.

ह्या झाल्या नाव मिळालेल्या बायका. नाव न मिळालेल्या किती तरी आपल्या दारावरून गेल्या. हर्णैच्या लिलावातून मासळी घेऊन डोक्यावर पाटी, कडेवर मूल अशा कोळिणी वाडीवाडीत जात. माझ्या लहानपणी एक बाई आमच्या खळ्यात येई. मूल आमच्या पडवीत सोडून ती वरच्या आळीत फिरून यावयाची. तोवर आजी त्याला पेज भरवी. बदल्यात आजीला कधी चार बांगडे जास्त मिळत, कधी मिळत नसत, आणि त्याचा हिशेब दोघींनीही ठेवलेला मी पाहिला नाही. आगबोटीच्या दिवसांत हर्णैला पडावातून बोटीवर चढताना तान्ही मुले हातोहात वर दिली जात. आई मागून चढे. आपले मूल क्षणभर कोणत्या अनोळखी हातात होते, ते तिला कधी कळतही नसे.

देशावरची गोष्ट ह्याहून कष्टाची. १९७२ च्या दुष्काळात हजारो बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास बसल्या. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी आणि तीत मूल, असे ते दृश्य होते. त्या कामांतून रोजगार हमीचा १९७७ सालचा महाराष्ट्राचा कायदा आला. पुढे २००५ साली सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्यात एक कलम मला फार शहाणपणाचे वाटले. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली असतील, तर त्या बायकांपैकीच एकीला मुलांजवळ बसवावे, आणि तिला मजुरी द्यावी. प्रत्यक्षात ते कितपत पाळले गेले हा प्रश्न निराळा. पण मूल सांभाळणे हेही कामच आहे आणि त्याला रोज पडतो, हे कागदावर तरी आले. त्याचप्रमाणे २०१७ सालच्या दुरुस्तीने, पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील अशा आस्थापनेत पाळणाघर असावे, असे ठरले. आपल्या मंडळात पन्नास कामगार नाहीत, आणि प्रदर्शनाच्या मांडवात पाळणाघर नसते. तेव्हा आपल्यापुरते आपणच पाहावयास हवे.

म्हणून एक सूचना लेखी ठेवते. मंडळाच्या जमाखर्चात प्रदर्शनाच्या प्रवासाखाली आपण दोघींचे भाडे, मालाचे हशील, जेवणखर्च असे मांडतो. गेल्या खेपेस ती भगिनी पोरीला ताप आला म्हणून दुसऱ्याच दिवशी अर्ध्या मालासह परत आली, हे सर्वांना ठाऊक आहे. माल पडून राहिला, तो तोटा हिशेबात दिसतो. तो का झाला, हे दिसत नाही. तर ह्यापुढे ज्या भगिनीचे मूल पाच वर्षांखालील असेल तिच्याबरोबर मूल सांभाळण्यासाठी आणखी एकीला पाठवावे. तिचे भाडे आणि रोज मंडळाने द्यावा. तिचे नाव माल विकणाऱ्यांच्या नावांबरोबरच वहीत लिहावे. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन देणारी एक भगिनी मिळाली आहे. पहिल्या खेपेस मुलाजवळ बसावयास मी स्वतः तयार आहे. गुडघे कुरकुरतात, पण एस्टीत बसावयाला गुडघे फारसे लागत नाहीत.